लोकलने ये-जा करणाऱ्या विद्यार्थिनीसाठी छोटा मेकॅनिकल कीबोर्ड: काय घ्यावं, काय टाळावं

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी अकरावी सायन्सला, आयटी विषय घेतलेला, मुलुंड ते माटुंगा रोजची लोकल. लॅपटॉपच्या चपट्या बटणांवर टायपिंग जमत नाही म्हणून छोटा मेकॅनिकल कीबोर्ड हवा. वर्ग, लायब्ररी आणि लॅब तिन्हीकडे चालावा, दप्तरात मावावा, पाच हजारांच्या आत बसावा. मैत्रिणीकडे ब्लू स्विचचा (स्विच म्हणजे प्रत्येक बटणाखालचा यंत्रभाग, रंगावरून त्याचा प्रकार कळतो) ‘साठ टक्के’वाला, म्हणजे बरीच बटणं कमी केलेला छोटा कीबोर्ड आहे, तसाच घ्यावा का?

तसा घेऊ नका. ब्लू स्विचही नको आणि साठ टक्केही नको. दोन्हींची कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून एकेक घेऊ.

जाहिराती आधी बटणांखालचे दिवे दाखवतात, मग ब्रँड, मग स्विचचा रंग. कॉलेजात वापरायच्या कीबोर्डसाठी हा क्रम उलटा करावा लागतो. पहिली चाळणी आवाजाची, दुसरी विषयाला लागणाऱ्या बटणांची, तिसरी वजन आणि उंचीची. दिव्यांचा विचार केलाच नाही तरी चालेल. आवाजाच्या चाळणीत नापास झालेला कीबोर्ड बाकी कितीही चांगला असला तरी आठवड्याभरात ग्रंथपाल तो बॅगेत ठेवायला लावतात, आणि मग तो घरीच पडून राहतो.

आवाज कुठून येतो

मेकॅनिकल कीबोर्डचा आवाज एकाच ठिकाणाहून येत नाही, हे कळलं की दुकानदाराच्या ‘एकदम सायलेंट आहे’वर किती विश्वास ठेवायचा तेही कळतं.

पहिला आवाज क्लिकचा. ब्लू स्विचमध्ये, मग तो चेरी, गेटरॉन, आउटेमू यांपैकी कुठल्याही कंपनीचा असो, एक छोटा भाग मुद्दाम ‘टक्’ करण्यासाठीच बसवलेला असतो. बटण साधारण २.२ मिलिमीटर दबलं की तो वाजतो. हलक्या हाताने टाइप केलं तरी वाजणारच, कारण अक्षर उमटतं तिथेच क्लिक आहे. फोम, रबरी रिंग, खाली मॅट यांपैकी कशानेही तो जात नाही. शांत खोलीत चार बाकांपलीकडे ऐकू येतो. वर्गासाठी विषय इथेच संपतो.

दुसरा आवाज बटण तळाला आपटण्याचा आणि तिसरा ते परत वर येऊन थांबण्याचा. रेड स्विच सरळ खाली जातो, ब्राउनला मधे हलका उंचवटा लागतो. चेरीच्या आकड्यांत सांगायचं तर दोन्हींमध्ये अक्षर २ मिलिमीटरवर उमटतं, पूर्ण प्रवास ४ मिलिमीटरचा. रेडला सुमारे ४५ सेंटीन्यूटन (जवळपास तेवढेच ग्रॅम) जोर लागतो, ब्राउनच्या उंचवट्यावर तो ५५ पर्यंत जातो. यात आवाजाबद्दल काहीच नाही, हे लक्षात घ्या. ब्राउनला क्लिक नाही म्हणून तो शांत असं दुकानात सर्रास सांगतात. प्रत्यक्षात तळाला आपटण्याचा खटखटाट रेडचा आणि ब्राउनचा जवळपास सारखाच. घरी, दार लावून अभ्यास करताना तो चालून जातो. लायब्ररीत नाही.

खऱ्या सायलेंट स्विचमध्ये हलणाऱ्या दांडीला वर आणि खाली दोन्ही टोकांना मऊ रबराचे छोटे तुकडे असतात. त्यामुळे आपटण्याचाही आवाज दबतो आणि परतीचाही. चेरीच्या सायलेंट रेडचा प्रवास ४ ऐवजी ३.७ मिलिमीटर आहे तो याच रबरामुळे. याची किंमत एकच: तळाशी स्पर्श किंचित मऊ, चिकट लागतो. काहींना ते मुळीच आवडत नाही. म्हणून पूर्ण संच घेण्याआधी दोन-तीन सुटे स्विच आणून बोटांनी दाबून पाहावेत. सुट्या स्विचचा नमुना पंचवीस-तीस रुपयांत मिळतो, तो घ्यायला लाजू नका.

नावं घेताना काळजी घ्या. आउटेमू सायलेंट पीच आणि अक्को फेअरी हे सायलेंट आणि सरळ जाणारे. अक्को पेंग्विन सायलेंट पण उंचवट्याचा. गॅझ्यू बोबा यू-४ हा सायलेंट उंचवट्याचा स्विच आहे, आणि फक्त एक अक्षर जास्त असलेला बोबा यू-४-टी मुद्दाम दणदणीत आवाजासाठी बनवलेला आहे. ऑर्डर करताना हा घोटाळा नेहमी होतो. नव्याने टायपिंग शिकणाऱ्या हाताला माझा कौल सरळ जाणाऱ्या सायलेंट स्विचला, ४५ ते ५० ग्रॅम जोराच्या आसपासच्या. स्वस्तातल्या सायलेंट उंचवट्याच्या स्विचमध्ये उंचवटा रबरातच हरवून जातो. पैसे उंचवट्याचे द्यायचे आणि तो जाणवायचाच नाही.

चौथा आवाज सगळ्यांच्या नजरेतून सुटतो: स्टॅबिलायझरचा. स्पेसबार, एंटर, बॅकस्पेस, शिफ्ट या लांब बटणांखाली तारेची एक कमान असते, बटण तिरकं होऊ नये म्हणून. ती तार प्लास्टिकच्या खाचेत सैल असली की स्पेसबार प्रत्येक वेळी खुळखुळतो. स्विच कितीही शांत घ्या, स्पेसबार खुळखुळला तर शेजारच्याला तेवढंच ऐकू येतं. याचा उपाय सोपा आहे, पुढे सांगतो.

आणि बाक. कॉलेजच्या लाकडी बाकाखाली खण असतो. त्यावर कीबोर्ड थेट ठेवला की पोकळ फळी ढोलकीसारखी घुमते. तीन मिलिमीटर जाडीचा कापडी माउसपॅड खाली घातला की फरक लगेच कळतो. गुंडाळून बॅगेत टाकता येईल असा लांब पॅड दोन-तीनशे रुपयांत मिळतो. पॅड विसरला तर घडी घातलेला नॅपकिनही चालतो.

रबरी ओ-रिंगचं पाकीट विकणारे बरेच भेटतील. कीकॅपच्या, म्हणजे बटणाच्या वरच्या टोपीच्या, आत बसवायच्या त्या रिंगा फक्त खाली आपटण्याचा आवाज कमी करतात. परतीचा आवाज तसाच राहतो, प्रवास कमी होतो आणि बटण अर्ध्यातच अडल्यासारखं वाटतं. सायलेंट स्विच बसवणं शक्य असेल तर यावर पैसे घालू नका.

साठ, पासष्ट की पंचाहत्तर

टक्के म्हणजे १०४ बटणांच्या पूर्ण कीबोर्डच्या मानाने आकार. साठ टक्क्यांत ६१ बटणं: बाण नाहीत, एफ-१ ते एफ-१२ नाहीत, डिलीट, होम, एंड नाहीत. पासष्टमध्ये ६७-६८: बाण आणि डिलीट आले. पंचाहत्तरमध्ये ८०-८४ च्या घरात: वरची एफ-रांगही आली.

आता रुंदी पाहू. दोन शेजारच्या बटणांच्या मध्यांमधलं अंतर जवळजवळ सगळीकडे १९.०५ मिलिमीटर असतं. साठ टक्के रुंदीला १५ बटणांएवढा, म्हणजे कडा धरून साधारण २९-३० सेंटीमीटर. पासष्ट आणि पंचाहत्तर १६ बटणांएवढे, म्हणजे ३१-३२ सेंटीमीटर. पंचाहत्तरचा फरक पडतो तो पुढून मागच्या मापात, एका रांगेचा, दोन-अडीच सेंटीमीटर. म्हणजे दप्तरात दोन बोटांची जागा वाचवण्यासाठी साठवाला वीसच्या वर बटणं काढून टाकतो. ज्या बॅगेत १४ इंची लॅपटॉप जातो तिच्यात पंचाहत्तर टक्के आरामात जातो.

अकरावी-बारावीच्या आयटीत एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, पीएचपी आहे. कोड लिहिताना अक्षरांइतकेच बाण, होम, एंड वापरले जातात. ओळीच्या टोकापर्यंत निवड करायची तर शिफ्ट आणि एंड. साठ टक्क्यांवर ते शिफ्ट, एफएन (दुसऱ्या बटणाचं काम बदलणारं बटण) आणि तिसरंच कुठलं तरी बटण असं होतं. त्यातही काही साठ टक्क्यांच्या कीबोर्डवर उजव्या कोपऱ्यातली बटणं बाणांसाठी पालटता येतात. चुकून पालटली गेली की ‘/’ दाबल्यावर कर्सर वर जातो आणि एचटीएमएलचा एकही टॅग बंद करता येत नाही. लॅबमध्ये प्रॅक्टिकलच्या मधे हे झालं तर कीबोर्ड बिघडला असंच वाटतं.

एफ-रांगेचं महत्त्व विषयावर ठरतं. ब्राउझरमधला एफ-५ आणि एफ-१२ दुसऱ्या मार्गांनी साधता येतो. कंट्रोल-आर आणि कंट्रोल-शिफ्ट-आय आहेतच. पण पुढे जिथे टर्बो सी++ अजून चालतं, तिथे कंट्रोल-एफ९ ने प्रोग्राम चालवायचा, ऑल्ट-एफ५ ने आउटपुट पाहायचं, एफ-२ ने सेव्ह करायचं, हे दिवसभर असतं. पायथनच्या आयडलमध्ये प्रोग्राम चालवायला एफ-५. कॉमर्सच्या मुलांना टॅलीत एफ-४ ते एफ-९ म्हणजे व्हाउचरच आहेत: काँट्रा, पेमेंट, रिसिट, जर्नल, सेल्स, पर्चेस. कॉमर्सवाल्यांनी खरं तर पंचाहत्तरही घेऊ नये. घरी आकड्यांचा सुटा नंबरपॅड ठेवावा किंवा पूर्ण कीबोर्डच घ्यावा.

मराठी टायपिंगचाही विचार करा. इनस्क्रिप्ट या देवनागरी मांडणीत ‘ॉ’ हे एंटरच्या वरच्या ‘\’ बटणावर आहे. ‘कॉलेज’, ‘डॉक्टर’ रोजच लिहावे लागतात, म्हणून हे बटण आपल्या जागी, पूर्ण आकाराचं असायला हवं. साठ, पासष्ट, पंचाहत्तर तिन्हींत ते बहुधा असतं. त्याहून लहान, चाळीस टक्क्यांच्या हौशी कीबोर्डवर नसतं, तिकडे वळूच नका. रुपयाचं चिन्ह विंडोजच्या ‘इंग्लिश (इंडिया)’ मांडणीत उजवा ऑल्ट आणि ४ ने येतं. छोट्या कीबोर्डांवर कधी कधी उजव्या ऑल्टच्या जागी एफएन बसवलेलं असतं, तेव्हा स्पेसबारच्या उजवीकडची बटणं मोजून पाहा. कीकॅपवर देवनागरी छापलेली नसली तरी बिघडत नाही. सरकारी टायपिंगची परीक्षा द्यायची असेल तर मात्र रेमिंग्टन (जुन्या टाइपरायटरची मांडणी) की इनस्क्रिप्ट हे आधी ठरवा. कीबोर्ड तोच चालतो, सवय मोडायला वेळ लागतो.

थोडक्यात मुलीसाठी पंचाहत्तर टक्के. बॅग खरोखरच लहान असेल तर पासष्ट. साठ नाही.

वजन, उंची आणि दप्तर

२०२० च्या राष्ट्रीय स्कूल बॅग धोरणात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत असावं असं म्हटलं आहे. पंचेचाळीस किलोच्या मुलीला साडेचार किलो झाले. दीड किलोचा लॅपटॉप, पाण्याची बाटली, डबा, दोन वह्या एवढ्यातच ते भरतं. ॲल्युमिनियमच्या आवरणाचे कीबोर्ड दिसायला देखणे असतात, पण पासष्ट टक्क्यांतही ते किलो-सव्वा किलोच्या पुढे सहज जातात. ते घरच्या टेबलासाठी. रोज वाहून न्यायचा तर प्लास्टिकचा, ६०० ते ८०० ग्रॅमचा. पाकिटावरचं वजन खोक्यासकट असतं. कीबोर्डचं नुसतं वजन तपशिलात शोधा, नाहीतर दुकानात काट्यावर ठेवायला सांगा.

उंची हा वेगळा मुद्दा. साधा मेकॅनिकल कीबोर्ड मागच्या बाजूला साडेतीन-चार सेंटीमीटरपर्यंत उंच असतो. कॉलेजचा बाक आधीच उंच, खुर्ची ठरावीक. त्यावर हा कीबोर्ड ठेवला की मनगटं मागे वाकतात आणि तासाभरात दुखायला लागतात. मागचे पाय उघडू नका. पाय उघडल्याने टायपिंग सोपं होतं ही समजूत चुकीची आहे. मनगट आणखी वाकतं, एवढंच.

लो-प्रोफाइल कीबोर्ड इथे उपयोगी. पातळ, बहुतेक अर्ध्या किलोच्या आसपासचे, लॅपटॉपच्या सवयीला जवळचे. कीक्रॉन के-३, नूफाय एअर-७५, लॉजिटेक एमएक्स मेकॅनिकल मिनी (६१२ ग्रॅम) ही ओळखीची नावं. पाच हजारांत मात्र यातलं नवं काही बसत नाही. आणखी एक अडचण: लो-प्रोफाइल स्विचचं जग तुकड्यांत विभागलेलं आहे. कैल चॉकच्या पहिल्या आवृत्तीच्या दांडीला दोन पाती असतात, त्यावर नेहमीच्या अधिक-चिन्हाच्या कीकॅप बसत नाहीत. कैलच्या जागी गेटरॉनचा लो-प्रोफाइल स्विच जाईलच असं नाही, आणि ऑप्टिकल स्विच तर मेकॅनिकलच्या जागी अजिबात चालत नाही. सायलेंट पर्यायही कमी. बजेट नऊ-दहा हजारांवर नेता आलं तरच लो-प्रोफाइल. अर्धवट ओढाताण करून नको.

गर्दीच्या लोकलमध्ये बॅग पुढे घ्यावी लागते, नाहीतर रॅकवर जाते आणि वर आणखी चार बॅगा पडतात. दोन्ही वेळी कीबोर्डवर दाब येतो. कापडी पिशवी ओरखडे थांबवते, दाब नाही. कडक कवचाची झिपवाली केस घ्या, आणि कीबोर्डची बटणं लॅपटॉपच्या झाकणाकडे कधीच करू नका. कीकॅपचा दाब झाकणावर पडून स्क्रीनवर डाग उमटतात. बटणांची बाजू वहीच्या पुठ्ठ्याकडे ठेवा. तार लावलेली ठेवून बॅगेत टाकलं तर सी-पोर्ट तुटू शकतो. 

तार, ब्लूटूथ आणि लॅब

तिन्ही पद्धतींचा कीबोर्ड घ्या: तार, ब्लूटूथ आणि २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर). नुसत्या ब्लूटूथचा नको. लॅबच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये ब्लूटूथ बहुधा नसतं, आणि संगणक सुरू होतानाच्या बायोस पडद्यावर ब्लूटूथ कीबोर्ड चालत नाही. तारेने जोडलेला चालतो. लॅबचा स्वतःचा कीबोर्ड काढायची गरज नसते, दोन्ही एकाच वेळी चालतात. मात्र काही लॅबमध्ये बाहेरचं काहीही यूएसबीला लावायला मनाई असते, तेव्हा लॅबच्या सरांना किंवा मॅडमना आधी विचारून ठेवा.

ब्लूटूथवर कीबोर्ड थोडा वेळ वापरला नाही की झोपतो, आणि पुन्हा टाइप केल्यावर पहिली एक-दोन अक्षरं गळतात. हा बिघाड नाही. शिफ्ट एकदा दाबून क्षणभर थांबायचं आणि मग सुरुवात करायची. जोडताना स्क्रीनवर सहा आकडे आले तर ते कीबोर्डवर टाइप करून एंटर दाबावा लागतो. बरेच जण नुसती वाट बघत बसतात. डोंगल लॅपटॉपच्या यूएसबी ३ पोर्टमध्ये असेल आणि शेजारी पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क चालू असेल तर अक्षरं गळू शकतात, कारण यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच पडतो. डोंगल दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये हलवा किंवा छोट्या एक्स्टेन्शन तारेवर लांब करा.

बॅटरी खाणारं मुख्य काम दिव्यांचं. दिवे बंद ठेवले तर चार्जिंग आठवड्यांनी लागतं, रंगीत दिवे पूर्ण उजेडावर ठेवले तर काही दिवसांत. बॅगेत टाकताना मागची किंवा बाजूची कळ ‘ऑफ’ करायची सवय लावा. नाहीतर गर्दीत बटणं दबत राहतात, कीबोर्ड दिवसभर जागा राहतो, आणि जोडलेला टॅब जवळ असेल तर त्यात नको ते टाइपही होतं. मोबाइलच्या सी-टू-सी तारेने कीबोर्ड चार्ज होत नाही ही तक्रारही नेहमीची. स्वस्त कीबोर्डच्या पोर्टमध्ये ५.१ किलो-ओहमचे दोन रेझिस्टर गाळलेले असतात, त्यामुळे सी-टू-सी चार्जर वीजच सोडत नाही. खोक्यातली ए-टू-सी तार जपून ठेवा.

आणखी दोन ‘बिघाड’ जे बिघाड नसतात. विंडोजचं बटण चालेनासं झालं तर बहुतेक कीबोर्डांवर एफएन आणि विंडोज एकत्र दाबून ते उघडतं. खेळताना मधे येऊ नये म्हणून दिलेलं ते कुलूप आहे. ऑल्ट आणि विंडोजची अदलाबदल झाली तर कीबोर्ड मॅकच्या मोडमध्ये गेलेला असतो. त्याची कळ किंवा एफएनची जोडी माहितीपत्रकात असते. त्या पत्रकाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

लॅबच्या संगणकावर सॉफ्टवेअर टाकता येत नाही, त्यामुळे बटणांची मांडणी कीबोर्डच्या स्वतःच्या मेमरीत साठवली जाते का ते विचारा. ‘व्हाया’ हे ब्राउझरमधून मांडणी बदलायचं साधन चालत असेल तर उत्तम. घरी क्रोममध्ये एकदा मांडणी ठरवली की ती कीबोर्डबरोबरच फिरते.

विकत घेताना

ग्रँट रोड किंवा मुंबई सेंट्रलला उतरून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाणार असाल तर रविवार टाळा, बरीच दुकानं बंद असतात. तिथे आवाजाची पारख मात्र करू नका. रस्त्याच्या गोंगाटात ब्लूसुद्धा सौम्य वाटतो. व्हिडिओंवरही भरवसा नको. माइक जवळ, खाली जाड पॅड, आणि टाइप करणारा सरावलेला. दुकानात पारखायचं ते एवढंच: खोकं उघडून मोबाइलला ओटीजीने जोडा आणि नोट्समध्ये प्रत्येक बटण एकेकदा दाबा. स्पेसबार डाव्या, उजव्या आणि मधल्या बाजूला दाबून खुळखुळतो का पाहा. पोर्टमध्ये तार हलते का पाहा. वायरलेस कीबोर्डवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘R-’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो आणि जीएसटीचं बिल असल्याशिवाय वॉरंटीच्या गप्पा फुकट.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: हॉट-स्वॅप आहे का? म्हणजे स्विच सोल्डरचा डाग न देता उपसून बदलता येतात का. ‘हो’ म्हणाले तर पुढचं विचारा, तीन पिनचा की पाच पिनचा. पाच पिनचा असेल तर दोन्ही बसतात. तीन पिनचा असेल तर पाच पिनच्या स्विचचे दोन प्लास्टिकचे जास्तीचे पाय नेलकटरने कापावे लागतात. चालतं, फक्त धातूच्या पिनांना धक्का लावू नका. काही स्वस्त, जुन्या धाटणीच्या आउटेमू सॉकेटची छिद्रं बारीक असतात, त्यात दुसऱ्या कंपनीच्या जाड पिना जात नाहीत. तिथे आउटेमूचेच सायलेंट स्विच घ्या.

पाच हजारांचं गणित असं. प्लास्टिकचा, पंचाहत्तर टक्क्यांचा, तिन्ही पद्धतींचा, हॉट-स्वॅप कीबोर्ड रेड स्विचसह साधारण तीन ते साडेतीन हजारांत मिळतो. सायलेंट स्विच नगाला पंचवीसच्या आसपास धरले तर ८४ चे एकवीसशे होतात, बजेट फुटतं. पण सगळे बदलायची गरज नाही. आकड्यांची रांग १४, टॅबची रांग १४, कॅप्सची १३, शिफ्टची १२, शिवाय स्पेसबार, डावा कंट्रोल आणि चार बाण: एकूण ५९. एफ-रांग आणि कोपऱ्यातली बटणं रेडवरच राहू देत, ती कितीशी वाजणार. ६० स्विचचे पंधराशे. कीबोर्ड तीन हजारांच्या जवळ मिळाला तर उरलेल्या पाचशेत पॅड आणि स्टॅबिलायझरचं ग्रीस बसतं. कडक केस पुढच्या महिन्यावर ढकला, तोवर कीबोर्ड दोन पुठ्ठ्यांच्या मधे ठेवून न्या.

बदलायची पद्धत: कळ बंद, तार काढलेली, आधी मांडणीचा फोटो. तारेच्या पुलरने कीकॅप सरळ वर ओढा. प्लास्टिकच्या गोल पुलरने कडा ओरबाडतात. स्विचपुलरचे दात स्विचच्या वरच्या आणि खालच्या खाचेत घालून दाबा आणि सरळ वर उचला, बाजूला हलवू नका. नवा स्विच घालण्याआधी दोन्ही पिना सरळ आहेत का पाहा. बोटाने सरळ खाली दाबा. जात नसेल तर जोर लावू नका. वाकडी पिन तशीच रेटली तर खालचं सॉकेट बोर्डावरून उखडतं, आणि मग डाग देणाऱ्याकडेच जावं लागतं. सगळे बसल्यावर एखादं बटण उमटत नसेल तर दहापैकी नऊ वेळा पिन दुमडलेली असते. स्विच काढा, चिमट्याने सरळ करा, पुन्हा घाला.

कीकॅप निघालेल्याच आहेत तर स्टॅबिलायझरही करून घ्या. सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस टूथपिकच्या टोकावर मोहरीएवढं घेऊन तारेची दोन टोकं जिथे प्लास्टिकमध्ये शिरतात तिथे लावा. जास्त लावलं तर स्पेसबार जड होऊन हळू वर येतो. शिवणयंत्राचं तेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे अजिबात नको. पातळ तेल पसरत स्विचमध्ये उतरतं.

पावसाळा

जून ते सप्टेंबर झिपलॉकची मोठी पिशवी, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या. एसी लॅबमधून बाहेरच्या दमट हवेत आल्यावर लगेच कीबोर्ड उघडून वापरू नका; थंड भागांवर दव धरतं. केसमध्येच पंधरा-वीस मिनिटं राहू द्या.

भिजलाच तर कळ बंद, चार्जिंगला मुळीच लावायचा नाही. कीकॅप काढा, हॉट-स्वॅप असेल तर भिजलेल्या भागातले स्विचही काढा, उलटा करून पंख्याखाली किमान दिवसभर, शक्यतो दोन दिवस ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने फक्त धूळ जाते आत. हेअर ड्रायरच्या गरम हवेने कीकॅप वाकतात. चहा किंवा कोल्ड्रिंक सांडलं असेल तर नुसतं वाळवून भागत नाही. साखर चिकटून राहते. तेवढे स्विच बदला आणि बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

दमटपणाचं पहिलं लक्षण म्हणजे एकदा दाबल्यावर अक्षर दोनदा उमटणं. स्विचच्या आतल्या पत्र्यावर मळ किंवा गंज धरला की असं होतं. तो एकच स्विच एफ-रांगेतल्या चांगल्या स्विचशी बदलून पाहा. दोष स्विचबरोबर सरकला तर स्विच टाका, तिथेच राहिला तर सॉकेट पाहा. म्हणून काढलेले रेड स्विच फेकू नका, डबीत ठेवा.

मेकॅनिकलचाच हट्ट नसेल तर लॉजिटेक के-३८० सारखा साधा कीबोर्डही बघा. ४२३ ग्रॅम, दोन ट्रिपल-ए सेल, तीन उपकरणांना ब्लूटूथने जोडता येतो, आणि आवाज जवळजवळ नाहीच. टायपिंगचं सुख तेवढं नाही, लॅबच्या डेस्कटॉपला तारेने लागत नाही, पण लायब्ररीत कोणी मान वर करून बघणार नाही.

आणि परीक्षा. बारावी बोर्डाची आयटीची परीक्षा कॉलेजच्या लॅबमध्ये संगणकावरच होते. तिथे स्वतःचा कीबोर्ड चालेल असं गृहीत धरू नका. जेईई मेनमध्ये तर सगळं माउसने करायचं असतं, कीबोर्डला हात लावला की संगणक अडकतो. बोर्डाच्या आधीचे पंधरा दिवस तिने लॅबच्या साध्या कीबोर्डवरच टाइप करावं; ४ मिलिमीटरच्या बटणांना सरावलेली बोटं त्याच्यावर सुरुवातीला अक्षरं गाळतात.